एका झाडाची एक जात

परभणीच्या बाजारात केशर घेताना आपण भाव विचारतो. गावरान आंबा घेताना जाणता माणूस आधी झाड विचारतो. हातगाडीवाल्याला ते सांगता येत नाही, कारण त्याच्याकडचा माल चार शिवारांतून गोळा झालेला असतो. पण आठवडी बाजारात एकच टोपलं पुढ्यात घेऊन बसलेल्या बाईला विचारा. ‘ओढ्याकाठचा शेप्या हाय’ किंवा ‘हिरीवरचा खोबऱ्या’ असं ती सहज सांगून जाते, आणि तिच्या लेखी ते उत्तर पुरेसं असतं. हा शेप्या महाराष्ट्रातल्या कुठल्याही रोपवाटिकेत मिळणार नाही. पाच कोसांवरच्या दुसऱ्या गावातही एक शेप्या असतो, पण तो निराळा. दोघांच्या रसाला शेपूसारखा उग्र वास येतो, एवढंच त्यांचं नातं.

शेंदरी गालाचा तो शेंद्र्या, लांबट तो केळ्या, आकाराने लहान आणि गोल तो गोट्या, खाताना ओल्या खोबऱ्याची चव मागे ठेवणारा खोबऱ्या, नुसताच गोड तो साखऱ्या. मराठवाडाभर हीच आठ-दहा नावं फिरून फिरून येतात. ती पुरेनाशी झाली की झाडाच्या जागेवरून नाव पडतं: देवळामागचा, म्हसोबाचा, पांदीतला. चवीवरून पडलेलं नाव झाडाची लायकी सांगतं, जागेवरून पडलेलं नाव मालकी सांगतं. आणि ही मालकी भलती गुंतागुंतीची असते. भावाभावांच्या वाटण्या होताना जमिनीचे तुकडे पडले तरी चांगल्या आंब्याचं झाड पुष्कळदा सामाईक राहिलं. जमीन धाकट्याची, झाड थोरल्याचं, फळात आत्याच्या घरचाही वाटा, असे करार कुठे कागदावर नसतात, पण उतरणीच्या दिवशी सगळ्यांना पाठ असतात. आमच्या चुलत्यांचं बांधावरून दहा वर्षं बोलणं बंद होतं, तरी खोबऱ्याचा वाटा न चुकता एकमेकांच्या घरी पोचत होता.

ही झाडं उभी कुठे आहेत ते पाहण्यासारखं असतं. परभणी जिल्हा काळ्या जमिनीचा. कापूस, ज्वारी, सोयाबीन आणि आता कालवे व धरणांच्या पाण्यावरचा ऊस, असं इथलं पीक. आंब्याला ही भारी काळी जमीन फारशी मानवत नाही. पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते आणि मुळं गुदमरतात. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि बारीक मुळं तुटतात. म्हणून जुनं झाड भर वावरात सहसा दिसत नाही. ते ओढ्याच्या काठावर असतं, विहीर खोदताना निघालेल्या मुरमाच्या ढिगाऱ्यावर असतं, गावालगतच्या पांढरीत असतं, नाहीतर जिंतूरकडच्या माळाच्या उतारावर. कोणी आखणी करून ती लावली असतील असं समजण्याचं कारण नाही. पुष्कळशी उकिरड्यावर किंवा विहिरीच्या कडेला फेकलेल्या कोयीतून आपणच उगवली, आणि जिथे पाण्याचा निचरा होता तिथली जगली.

फेकलेली कोय हाच या प्रकरणाचा खरा विषय. मृगाचे दोन पाऊस झाले की उकिरड्यावर तांबूस कोवळ्या पानांची रोपं दिसू लागतात. गावातली पोरं ती उपटतात, कोयीचं टणक कवच काढून टाकतात, आतली दोन दळं दगडावर एका बाजूने घासतात आणि त्यांच्या फटीत फुंकून पिपाणी वाजवतात. ही पिपाणी करताना एक गोष्ट हाताला कळते. मराठवाड्यातल्या बहुतेक आंब्यांच्या कोयीतून एकच कोंब निघतो. वनस्पतिशास्त्रात अशा कोयीला एकभ्रूणी म्हणतात, आणि एवढ्या लहानशा गोष्टीवर आंब्याच्या जातींचं सगळं गणित अवलंबून आहे.

आंब्याच्या एका मोहोराच्या तुऱ्यावर शेकडो, कधी हजारांवर फुलं असतात. त्यातली बरीचशी नुसती नर, बाकीची द्विलिंगी. परागकण इकडून तिकडे नेण्याचं काम मुख्यतः माश्या करतात. मधमाश्यांपेक्षाही साध्या माश्यांचा त्यात मोठा वाटा असतो. तेव्हा शेप्याच्या फुलावर बसलेली माशी आधी शेंद्र्यावर बसून आली होती की पलीकडच्या शिवारातल्या आंबट झाडावर, हे कोणी सांगू शकत नाही. फळ आईचं असतं: त्याचा रंग, गर, वास, सगळं आईच्या झाडाप्रमाणे. पण कोयीतला जो एकुलता एक गर्भ, तो आई आणि अज्ञात बाप यांच्या मिसळीतून तयार झालेला. तो रुजवला की येणारं झाड आईसारखं निघेलच असं नाही. बहुधा निघतच नाही. केशरची कोय लावून केशर मिळत नाही आणि हापूसची कोय लावून हापूस मिळत नाही, याचं कारण इतकं साधं आहे. पश्चिम किनाऱ्यावर, विशेषतः केरळकडे, ओलूरसारखे काही आंबे आहेत ज्यांच्या कोयीत अनेक गर्भ असतात आणि त्यातले बहुतेक केवळ आईच्या पेशींपासून तयार झालेले असतात. त्यांची कोय लावली तर आईच पुन्हा उगवते. परभणीकरांच्या नशिबी तो आंबा नाही. इथे प्रत्येक कोय म्हणजे नवी सोडत.

तर मग गावरान आंबा ही जात आहे का? शास्त्राच्या काटेकोर अर्थाने नाही. गावरान, रायवळ, बिजू अशी जी नावं आहेत ती एका जातीची नाहीत, कोयीपासून आलेल्या सगळ्या झाडांची मिळून आहेत. त्यातलं प्रत्येक झाड स्वतःपुरती एक जात असतं, एकाच प्रतीची.

असं दुसरं एक फळझाड म्हणजे सफरचंद, आणि त्याच्या बाबतीत इंग्लंडातल्या लोकांनी जे केलं ते आपण केलं नाही. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमशायर परगण्यात साउथवेल नावाचं गाव आहे. तिथे १८०९ मध्ये मेरी अॅन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीने सफरचंदाच्या काही बिया घरच्या बागेत पेरल्या. एक रोप जगलं. मेरी अॅनचं पुढे लग्न झालं आणि ती त्या घरातून गेली. झाड वाढलं, फळं देऊ लागलं. १८४६ मध्ये मॅथ्यू ब्रॅम्ली नावाच्या खाटकाने ते घर बागेसकट विकत घेतलं. दहा वर्षांनी, १८५६ मध्ये, हेन्री मेरीवेदर या सतरा वर्षांच्या पोराने ती फळं पाहिली. त्याच्या घरी रोपवाटिकेचा धंदा होता. त्याने झाडाच्या काड्या कलमासाठी मागितल्या. ब्रॅम्लीने एका अटीवर दिल्या: सफरचंदाला नाव माझं द्यायचं. आज इंग्लंडात स्वयंपाकासाठी सगळ्यात जास्त वापरलं जाणारं सफरचंद ‘ब्रॅम्लीज सीडलिंग’ या नावाने ओळखलं जातं. बी पेरणारी मेरी अॅन १८५२ मध्ये वारली; आपल्या रोपाचं पुढे काय झालं हे तिला कधी कळलंच नाही. मेहनत एकाची आणि नाव दुसऱ्याचं, हा प्रकार काही आपल्याकडेच चालतो असं नाही.

हे मूळ झाड १९०० च्या सुमारास वादळात कोसळलं, पण पडलेल्या खोडाने पुन्हा मुळं धरली आणि ते उभं राहिलं. अलीकडे त्याला बुरशीने ग्रासलं आहे. समजा ते उद्या गेलं तरी ब्रॅम्ली सफरचंद जाणार नाही, कारण देशभरात ब्रॅम्लीची जी असंख्य झाडं आहेत ती सगळी त्याच एका झाडाच्या काड्या आहेत, दुसऱ्यांच्या मुळांवर बसवलेल्या. इंग्लंडातल्या जुन्या सफरचंदांची कहाणी थोड्याफार फरकाने अशीच. कॉक्सेस ऑरेंज पिपिन हे तिथलं सगळ्यात नावाजलेलं खायचं सफरचंद एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रिचर्ड कॉक्स या निवृत्त मद्यनिर्मात्याच्या बागेत बीपासून उगवलं. न्यूटनच्या घरच्या ज्या झाडाची गोष्ट शाळेत सांगतात तेही काल्पनिक नाही. त्याची जात ‘फ्लॉवर ऑफ केंट’, आणि त्याच्या काड्यांपासून केलेली झाडं जगभर विज्ञानसंस्थांच्या आवारात लावली गेली. जयंत नारळीकरांनी पुण्यात आयुकाच्या आवारातही ती लावून पाहिली होती. केंट परगण्यात ब्रॉगडेल इथे राष्ट्रीय फळसंग्रह आहे. त्यात सफरचंदाच्या दोन हजारांहून अधिक जातींची झाडं ओळीने उभी आहेत. त्यातली कितीतरी एकेकाळी कोणाच्या तरी परसातलं एकुलतं एक झाड होती.

या फरकाचं मोठं भांडवल करून आपल्या लोकांना दोष द्यायची इच्छा मला नाही. आंब्याचं कलम आपल्याला ठाऊक नव्हतं असंही नाही. पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात भेटकलमाने आंबे जोपासले गेले, हापूस आणि मानकुराद त्यातूनच टिकले. लखनौजवळच्या दशहरी गावात दशहरीचं मूळ झाड अजून दाखवतात. पण कलम ही नवाबाच्या, पाद्र्याच्या, वतनदाराच्या बागेतली गोष्ट होती. तिथे माळी होता, राखण होती, पाणी होतं. ज्याच्या बांधावर एकच झाड आणि तेही भावकीत सामाईक, त्याने त्याच झाडाचं दुसरं झाड करावं कशासाठी? आंबा तर दरवर्षी येतच होता.

शिवाय एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. गावरान म्हटलं की गळा काढणारे जे आहेत त्यांनी दहा वेगवेगळ्या झाडांचे आंबे एका बैठकीत खाऊन पाहावेत. त्यातले सहा आंबट निघतील, दोन धाग्यांनी दातांत अडकतील, एखादा पाणचट असेल. कोयीच्या सोडतीत बक्षीस क्वचित लागतं. पण ते जेव्हा लागतं तेव्हा जे फळ येतं त्याला केशर पुरा पडत नाही, हेही तितकंच खरं. केशर बाजारासाठी उत्तम आहे: एकसारखा रंग, जाड गर, पातळ कोय, प्रवासात टिकणारी साल. चांगला गावरान आंबा यातल्या एकाही परीक्षेत उतरत नाही. त्याची कोय मोठी, गर कमी, साल नाजूक. पण तो कापून खायचा नसतोच. दोन्ही हातांनी चहूबाजूंनी दाबून मऊ करायचा, देठाकडचा चिकाचा पहिला थेंब पिळून टाकायचा आणि तोंडाला लावायचा. आधी आंबटाची एक झिणझिण, मग गोडी, आणि कोय चोखताना शेवटी त्या झाडाचा म्हणून जो वास असतो तो. शेप्या ज्याला आवडतो त्याला तो शेवटचा वासच आवडतो; बाकीच्यांना तो सहनही होत नाही.

झाडावरून उतरवण्याची वेळ हा गावरान आंब्यातला सगळ्यात कठीण निर्णय. केशर मे महिन्यात येऊन जातो. गावरान त्याच्या मागून येतो, मृगापर्यंत चालतो. पाऊस पडून गेला की फळमाशीने आत अळ्या होतात, म्हणून उशीर करता येत नाही. घाई केली तर कच्च्या फळाला आढीत सुरकुत्या पडतात आणि ते गोड होत नाही. खूण एकच: पाड. झाडावर आपोआप पिकून पडलेलं पहिलं फळ सापडलं की झाड पाडाला आलं. प्रयोगशाळेची खूण वेगळी आहे, पण तिच्या मुळाशी तीच गोष्ट असते. पक्व होताना आंब्यात पिठूळ साठा वाढतो, फळ जड होतं आणि पाण्यात टाकलं तर बुडतं; अपक्व फळ तरंगतं. पाड लागल्यावर बादलीभर पाण्यात चार आंबे टाकून पाहायला काहीच हरकत नाही.

उतरवताना झेल्याने, बोटाच्या पेराएवढा देठ ठेवून. देठ मोडला की चीक उडतो, सालीवर काळे ओघळ पडतात आणि तिथूनच फळ कुजू लागतं. मग आढी. घरातली वारा न लागणारी कोपऱ्यातली जागा, खाली वाळलेल्या गवताचा बोटभर थर, त्यावर आंब्यांची एक रांग, पुन्हा गवत, पुन्हा रांग, वरून गोणपाट. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्या खोलीत पाऊल टाकताच वास येतो. आमच्याकडे आढी उकलण्याचा अधिकार आजीचा होता. ती गवतात हात घालून नुसत्या बोटांनी निवड करी: हा आजचा, हा उद्याचा, हा परवाचा. डागाळलेला लगेच बाहेर. एक नासका आंबा आढी नासवतो हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती.

त्या म्हणीमागचं शास्त्र मात्र सफरचंदानेच सांगितलं. पिकलेलं फळ स्वतः एक वायू सोडतं आणि त्या वायूमुळे शेजारचं फळ पिकू लागतं, हे रिचर्ड गेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९३४ मध्ये सिद्ध केलं. तो वायू इथिलीन, आणि त्याने तो मिळवला पिकलेल्या सफरचंदांतून. त्याआधी केंब्रिजच्या फ्रँकलिन किड आणि सिरिल वेस्ट यांनी सफरचंदं पिकताना त्यांचं श्वसन एकदम कसं उसळतं हे दाखवून दिलं होतं. हवेतला ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त ठेवला तर ही उसळी लांबवता येते, हेही त्यांचंच काम. त्यावर आधारित पहिलं व्यापारी कोठार १९२९ मध्ये केंटमध्ये उभं राहिलं ते ब्रॅम्ली सफरचंदांसाठीच. आज बाराही महिने दुकानात जे सफरचंद मिळतं त्याच्या मुळाशी हीच गोष्ट आहे. आढीत आपण नेमकं उलट करतो. वायू उडून जाऊ नये म्हणून गवत आणि गोणपाट, आणि लवकर पिकवायचं असेल तर मधोमध एक पाडाचा आंबा. नासक्या फळातूनही तोच वायू सुटतो, त्यामुळे बाकीचे आंबे वेळेआधी मऊ पडतात आणि बुरशी पसरायला मोकळी होते. कॅल्शियम कार्बाइडची पुडी ठेवून पिकवण्यावर देशात बंदी आहे. त्यातून निघणारा अॅसिटिलीन सालीचा रंग बदलतो, पण आतला कच्चेपणा तसाच राहतो. शिवाय त्या पुडीत आर्सेनिक आणि फॉस्फरसचा अंश असतो.

दोन्ही झाडांना थंडी लागते, पण मात्रा निराळी. आंब्याला मोहोर फुटायला काही आठवडे गार रात्री पुरतात. परभणीत डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांखाली उतरतो, काही वर्षी चार-पाचापर्यंत जातो, आणि ते आंब्याच्या पथ्यावर पडतं. फार कडाका पडला तर उलट मोहोर करपतो. इंग्रजी जातीच्या सफरचंदाला मात्र सात अंशांखालचे सुमारे हजार तास हवेत, तेव्हा कुठे त्याचे डोळे नीट उमलतात. परभणीची थंडी रात्रीपुरती असते. दुपारी ऊन चटका देतं. कॉक्स किंवा ब्रॅम्ली इथे लावली तर पानं येतील, फुलाची वाट पाहत बसावं लागेल. हिमाचलातल्या बिलासपूरचे शेतकरी हरिमन शर्मा यांनी कमी थंडीत फळणारं एचआरएमएन-९९ नावाचं सफरचंद निवडलं आणि त्याची रोपं महाराष्ट्रातही आली. हौसेने लावायला काही हरकत नाही. पण ज्या बांधावर खोबऱ्या उभा आहे तिथे आधी खोबऱ्याकडे लक्ष द्यावं, असं माझं मत आहे.

कारण आंबट झाडांनाही घरात काम होतं. लोणच्याला कैरी हवी ती टणक, दोऱ्याची आणि आंबट. गोड आंब्याची कैरी वर्षभरात लिबलिबीत होते. म्हणून लोणच्याचं झाड वेगळं, रसाचं वेगळं, आंबोशीचं वेगळं. वादळात पडलेल्या कैऱ्यांच्या चिरा करून, मीठ लावून, पत्र्यावर वाळवल्या की वरणात टाकायला वर्षाची सोय होते. इंग्रजांचा ब्रॅम्लीही नुसता खाल्ला तर दात आंबवतो. शिजला की त्याचा कापसासारखा मऊ लगदा होतो आणि आंबटपणा शिल्लक राहतो, म्हणून पायच्या सारणाला त्याच्यासारखा दुसरा नाही. आपल्याकडे आखितीला पितरांना रस दाखवल्याशिवाय आंबा खायचा नाही असा पुष्कळ घरांत नेम असतो. पण गावरान आखितीला सहसा तयार नसतो, त्यामुळे पितरांच्या पानात आता केशरचा रस असतो. गावरानाचा रस जेवणात येतो तो त्यानंतर, लग्नसराई संपताना. परातीत पिळून, कोयी दुधात खळखळून धुऊन, वर तुपाची धार आणि चिमूटभर सुंठ. मिक्सरमध्ये तो करू नये; कोयीभोवतीचा दोरा तुटतो आणि रस बुळबुळीत होतो.

झाडं मात्र कमी होत चालली आहेत. बहात्तरच्या दुष्काळात बरीच वाळली, त्यानंतरच्या दुष्काळांनी उरलेल्यांतली नेली. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात जी गारपीट झाली तिने त्या हंगामाचा मोहोर झोडपला. पण निसर्गापेक्षा वाटण्या जास्त महाग पडल्या. बांधावरच्या झाडाची सावली दोन्ही बाजूंच्या पिकावर पडते, उसाचं पाणी मुळाशी तुंबतं, ट्रॅक्टर वळायला अडतो. १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानुसार आंबा परवानगीशिवाय तोडता येत नाही, आणि परवानगी मिळवणारे ती मिळवतातच. झाड पडलं की त्यासोबत ती जातही जाते. तिची दुसरी प्रत कुठे नसते.

परभणीला यातून वाट दाखवणारी संस्था गावातच आहे. १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ इथे स्थापन झालं. आता त्याला वसंतराव नाईक यांचं नाव आहे. या विद्यापीठाने ‘निरंजन’ नावाचा आंबा निवडला, जो नेहमीच्या हंगामाबाहेर फळ देतो. ‘परभणी भूषण’ हाही त्यांचाच. दोन्ही आज कलमाने वाढवले जातात. केशरची सुरुवातही अशाच एका झाडापासून झाली. वंथळीचे वजीर सालेभाई यांच्या झाडाची कलमं १९३१ मध्ये गिरनारच्या पायथ्याशी लाल डोरी इथे लावली गेली. १९३४ मध्ये जुनागढचे नवाब तिसरे महाबतखान यांनी तो गर पाहून त्याला केशर म्हटलं. पुढे तो मराठवाड्यात आला, आणि ‘मराठवाडा केशर’ला स्वतंत्र भौगोलिक मानांकनही मिळालं. सालेभाईंच्या झाडाला वजिराचा आधार होता. तुमच्या बांधावरच्या झाडाला कलम बांधता येणारा एक माणूस पुरेसा आहे.

ते काम अवघड नाही आणि खर्चाचंही नाही. मे-जूनमध्ये खाल्लेल्या गावरान आंब्यांच्या कोयी, कोणत्याही झाडाच्या, ओल्या मातीत पुराव्यात. दोन-तीन आठवड्यांत कोंब वर येतो आणि त्याची पानं तांबडी असतानाच त्यावर कलम करायचं असतं. याला कोयकलम म्हणतात आणि कोकणात रोपवाटिकांची मोठी भिस्त याच पद्धतीवर आहे. जतन करायच्या झाडाची तीन-चार महिन्यांची, पेन्सिलीएवढी जाड, शेंड्याचा डोळा फुगलेली पण न फुटलेली काडी निवडायची. काडी कापण्यापूर्वी आठ-दहा दिवस तिची पानं देठ राखून छाटावी, म्हणजे डोळा फुगतो. कापलेली काडी ओल्या फडक्यात गुंडाळून त्याच दिवशी वापरावी. रोपाचा शेंडा छाटून मधोमध उभी चीर द्यायची, काडीचं खालचं टोक दोन्ही बाजूंनी पाचरीसारखं तासायचं, चिरेत बसवायचं आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायचं. दमट हवेत कलम चांगलं धरतं, म्हणून पावसाळा सुरू होतानाची वेळ उत्तम. एका झाडाच्या पाच-सहा काड्या बांधल्या तर दोन-तीन तरी जगाव्यात.

घरापाशी जागा नसेल तर दुसरी वाट आहे. बांधावरच्या आंबट, पण तरण्या झाडाच्या फांद्या छाटून त्यावर नव्याने फुटलेल्या कोवळ्या फुटव्यांवर चांगल्या झाडाच्या काड्या बांधता येतात. मलिहाबादचे कलीमुल्ला खान यांनी असं करत एकाच झाडावर तीनशेच्या आसपास जाती जोपासल्या आणि त्यासाठी त्यांना २००८ मध्ये पद्मश्री मिळाली. आपल्याला एवढ्यांची गरज नाही. एका आंबट झाडावर भावकीतले चार गोड आंबे नांदले तरी चालेल. झाड खरोखरच वेगळं असेल, उदाहरणार्थ मृगानंतरही न किडणारं किंवा दरवर्षी न चुकता लागणारं, तर २००१ च्या वाणसंरक्षण कायद्याखाली शेतकऱ्याला आपला वाण स्वतःच्या नावाने नोंदवता येतो. कृषी विद्यापीठात किंवा कृषी विज्ञान केंद्रात त्याची माहिती मिळते.

कलम पुढच्या पावसाळ्याच्या सुरुवातीला जमिनीत लावावं. काळी जमीन असेल तर खड्ड्यात मुरूम घालून, कडेने पाणी निघून जाईल असा उंचवटा करून. जोडाच्या खाली, मूळ गावरान रोपाला फुटणारे कोंब वेळच्या वेळी मोडावेत, नाहीतर चार वर्षांनी जे झाड फळेल ते खोबऱ्याचं नसेल. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच त्याला मोहोर येईल. तो खुडून टाकावा, झाडाचा घेर वाढू द्यावा. चौथ्या-पाचव्या वर्षापासून फळं धरावीत. आणि पट्टीवर नाव लिहून झाडाला बांधावं: कोणत्या गावचं, कोणाच्या बांधावरचं, लोणच्याचं की रसाचं.